लपलेली फाइल कुणापासून लपलेली?

राजारामपुरीत पत्ता सांगताना गल्लीचा नंबर पुरतो. तिसरी गल्ली, पाचवी गल्ली, नववी गल्ली, एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. कोल्हापूरच्या या भागात, मेन रोडवर आणि आतल्या गल्ल्यांत, कॉम्प्युटर विकणारे, दुरुस्त करणारे, एमएस-सीआयटीचे क्लास घेणारे, झेरॉक्स आणि डीटीपीवाले एकमेकांना खेटून बसले आहेत. गणपती जवळ आले की या दुकानांना श्वास घ्यायला फुरसत नसते. राजारामपुरीची आगमन मिरवणूक शहरभर गाजलेली. तिच्याआधी मंडळांची पावतीपुस्तकं, अहवाल, फ्लेक्स, सगळं एकदम हवं असतं. एकच पेनड्राइव्ह सकाळी फोटो स्टुडिओत, दुपारी डीटीपीवाल्याकडे आणि संध्याकाळी फ्लेक्सच्या मशिनपाशी पोचतो. वाटेत ज्या ज्या कॉम्प्युटरला तो लागतो, तिथून काहीबाही घेऊन येतो आणि काहीबाही ठेवून जातो.

मग ठरलेली तक्रार येते. ड्राइव्ह उघडला, फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट. जागा मात्र पूर्ण व्यापलेली दिसते. दुकानदार अँटिव्हायरस चालवतो, काही वेळा तो काहीतरी पकडतो, काही वेळा ‘धोका आढळला नाही’ म्हणून हिरवी खूण दाखवतो. गिऱ्हाईक विचारतं, की विंडोजच्या ज्या फाइली आपल्याला दिसतच नाहीत, त्यात काही दडून बसलं असेल तर हा स्कॅन तिथे पोचतो का? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर बहुतेकदा ‘फॉरमॅट मारू या’ असं मिळतं, आणि त्यात टॅलीचा डेटा, मराठी फॉन्टची बसवलेली घडी आणि अर्धा दिवस जातो. पुढील पानं या प्रश्नाला वाहिलेली आहेत, आणि ती वाचण्याआधी ‘लपणं’ किती प्रकारचं असतं हे ओळखून घेणं बरं.

सर्वांत साधं लपणं म्हणजे फाइलीवरची एक खूण. डॉसच्या काळापासून प्रत्येक फाइलीच्या नोंदीत गुणधर्मांसाठी एक बाइट राखलेला आहे. त्यातला एक बिट ‘ही फक्त वाचायची’, दुसरा ‘ही लपवलेली’, तिसरा ‘ही सिस्टिमची’ असं सांगतो. डॉसच्या स्वतःच्या आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस या फाइलींवर अशा खुणा असत, म्हणजे कुणी चुकून त्या उडवू नयेत. विंडोजनेही तीच रीत चालू ठेवली. ‘लपवलेली’ आणि ‘सिस्टिम’ या दोन्ही खुणा एकत्र असल्या की साधं ‘हिडन फाइल्स दाखवा’ म्हणूनही ती फाइल दिसत नाही. संरक्षित सिस्टिम फाइलींचा वेगळा टिकमार्क काढावा लागतो, तेव्हा विंडोज एक धमकीवजा सूचना देऊन ती दाखवतं. पेनड्राइव्हवरचे किडे याच सोयीचा फायदा घेतात. गामारू नावाच्या कुळातला एक प्रकार तर गिऱ्हाइकाचा सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये सरकवायचा, फोल्डरवर या खुणा मारायचा आणि वर पेनड्राइव्हच्याच नावाचा शॉर्टकट ठेवायचा. माणूस शॉर्टकटवर क्लिक करतो, त्याचे फोटो उघडतात, आणि मागच्या मागे किडाही सुरू होतो. राजारामपुरीतल्या कुठल्याही जुन्या रिपेअरिंगवाल्याला ‘अ‍ॅट्रिब’ हा हुकूम पाठ असतो, तो याच कारणाने. त्या एका ओळीने खुणा उतरतात आणि फोल्डर जागच्या जागी परत दिसतात.

या लपण्याचा अँटिव्हायरसवर काहीही परिणाम होत नाही. खूण ही फाइल एक्स्प्लोररच्या खिडकीसाठी असते. स्कॅनर फाइलींची यादी थेट विंडोजकडून मागतो, त्या यादीत लपवलेल्या फाइलीही येतात, आणि प्रत्येकीचा आतला मजकूर तो वाचतो. शिवाय आजच्या अँटिव्हायरसचा एक भाग फाइल उघडण्याच्या वाटेवरच ड्रायव्हर म्हणून बसलेला असतो. कुठलीही फाइल, दिसणारी वा न दिसणारी, उघडायला गेली की त्याच्या डोळ्यांखालून जाते. उलट पेनड्राइव्हवर लपवलेली चालू होणारी फाइल दिसली तर बरेच स्कॅनर तिच्याकडे जरा जास्तच संशयाने बघतात.

ज्याला पडताळायचं आहे त्याला पडताळता येतं. अँटिव्हायरस तपासण्यासाठी आयकार या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. ती साध्या टेक्स्ट फाइलीत उतरवली की जगातले जवळजवळ सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस म्हणून पकडतात, कारण तसं आपसात ठरलेलं आहे. अडचण एवढीच, की अँटिव्हायरसचा पहारा चालू असेल तर फाइल साठवता क्षणीच उडते. म्हणून पेनड्राइव्हवर, पहारा थांबवून, ती फाइल करायची, तिच्यावर दोन्ही खुणा मारायच्या, मग पहारा चालू करून स्कॅन मारायचा. ती पकडली जाते. मजकूर तोच असला की खूण असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही, हे डोळ्यांना दिसतं.

तरीही ‘सगळं तपासलं’ या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नये. क्विक स्कॅन म्हणजे मेमरी, सुरुवातीला चालू होणारे प्रोग्रॅम आणि नेहमीच्या संशयित जागा. पूर्ण ड्राइव्ह नव्हे. पासवर्ड घातलेली झिप फाइल कुठलाच स्कॅनर उघडू शकत नाही. पेजफाइल.सिस आणि हायबरफिल.सिस या अवाढव्य लपलेल्या फाइली विंडोज चालू असताना कुलूपबंद असतात आणि अहवालात ‘उघडता आली नाही’ म्हणून येतात. त्याने घाबरण्याचं कारण नाही, कारण ती मेमरीची साठवण आहे, चालणारा प्रोग्रॅम नव्हे. विंडोज एक्सपीच्या काळात सिस्टिम रिस्टोअरच्या बंद कप्प्यात व्हायरसची प्रत अडकून राहायची आणि अँटिव्हायरसला ती साफ करू दिली जायची नाही, म्हणून सफाईच्या सूचनांत ‘आधी सिस्टिम रिस्टोअर बंद करा’ ही पहिली ओळ असे. आणि सगळ्यांत मोठी फट माणूस स्वतः पाडतो. क्रॅक सॉफ्टवेअर बसवताना ‘अँटिव्हायरस बंद करा, हा फोल्डर अपवादात टाका’ अशी सूचना असते आणि ती निमूटपणे पाळली जाते. अपवादात टाकलेला फोल्डर उघड्यावर असला तरी स्कॅनर तिकडे फिरकत नाही.

इथपर्यंतचा भाग सोपा होता. खरी गंमत पुढे आहे: स्कॅनर ज्याच्याकडून यादी मागतो, तोच फितूर झाला तर?

ही युक्ती पीसीच्या पहिल्यावहिल्या व्हायरसमध्येच होती. १९८६ साली लाहोरमधल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये शिरायचा, म्हणजे जिथून मशिन सुरू होतं त्या पहिल्या तुकड्यात. मूळ तुकडा तो दुसरीकडे हलवून ठेवी, आणि कुणी बूट सेक्टर वाचायला आलं की त्याच्यापुढे ती मूळ, स्वच्छ प्रत करी. तपासणाऱ्याला सगळं आलबेल दिसायचं. ब्रेनला कुठलीही खूण मारून लपायची गरज नव्हती. वाचणाऱ्याला काय वाचायला मिळेल हेच त्याच्या हातात होतं.

त्याच बूट सेक्टरमधल्या पाहुण्यांनी महाराष्ट्रात एक धंदा उभा केला, हे इथे सांगायला हवं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. दहावीनंतर शिक्षण थांबलेलं. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत बिघाड कमी आणि व्हायरस जास्त, हे दोघांच्या लक्षात आलं. ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरचा डेटा पुसणारा ‘मायकेलँजेलो’ तेव्हा जगभर गाजत होता. संजय यांनी तो काढणारं साधन लिहिलं. १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. काटकरांच्या गोष्टीत यशोगाथेचा भाग सगळे सांगतात. इथे लक्षात घ्यायचं ते वेगळं: मराठी माणसाच्या या उत्पादनाचा जन्म एका न दिसणाऱ्या जागेतल्या व्हायरसमधून झाला.

विंडोजच्या काळात ब्रेनची युक्ती ‘रूटकिट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आणि ती सर्वांत गाजली ती एका नामांकित कंपनीमुळे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या विंडोजतज्ज्ञाने जाहीर केलं, की सोनी बीएमजीच्या संगीताच्या सीडीतून एक सॉफ्टवेअर त्याच्या मशिनमध्ये शिरलं आहे, आणि ‘डॉलर-सिस-डॉलर’ या अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल ते विंडोजच्या यादीतून गाळून टाकतं. गाण्यांची नक्कल होऊ नये हा उद्देश. पण गाळणी एकदा बसली की ती कुणालाही वापरता येते: पुढच्या काही दिवसांतच चोरांनी आपल्या फाइलींना त्याच अक्षरांनी सुरू होणारी नावं दिली आणि त्याही आपोआप अदृश्य झाल्या. अशा मशिनवर नेहमीचा स्कॅन म्हणजे कोठीतली चोरी शोधायला कोठीवाल्याकडूनच मालाची यादी मागवणं.

रुसिनोविचने ती गाळणी पकडली कशी, हे महत्त्वाचं. त्याने आपल्याच साधनाने दोन याद्या केल्या. एक विंडोजला विचारून, दुसरी डिस्कवरच्या नोंदी थेट वाचून. दुसरीत जे आहे आणि पहिलीत नाही, ते कुणीतरी लपवतं आहे. आज चांगल्या अँटिव्हायरसमध्ये रूटकिट शोधण्याची जी सोय असते तिच्या मुळाशी ही तुलनाच आहे.

२०१० साली उघड झालेला स्टक्सनेट याच घराण्यातला. पेनड्राइव्हवरून येणारा, पेनड्राइव्हवरच्या स्वतःच्या फाइली यादीतून गाळणारा, आणि त्यासाठी नामवंत हार्डवेअर कंपन्यांच्या चोरलेल्या डिजिटल सह्या वापरणारा. लक्ष्य होतं इराणचं अणुकेंद्र, पण संसर्गाच्या मोजणीत इराण आणि इंडोनेशियानंतर भारत होता. सही खरी, कंपनी खरी, फाइल ‘सिस्टिम ड्रायव्हर’च्या वेशात. संशय घ्यायला जागाच ठेवलेली नव्हती.

खोटं उत्तर देणाऱ्या मध्यस्थाची सर्वांत महागडी महाराष्ट्रातली कथा मात्र कुणाच्या घरच्या कॉम्प्युटरवर घडली नाही. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांची नक्कल केलेली कार्डं २८ देशांतल्या एटीएममध्ये सरकवली गेली आणि काही तासांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये बाहेर पडले. भारतात २,८०० च्या आसपास व्यवहारांतून आणखी अडीच कोटी. हे पैसे काढणाऱ्यांची एक टोळी कोल्हापुरातल्या एटीएमवर फिरत होती. १३ ऑगस्टला, सोमवारी, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीच्या मार्गाने जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक.

पैसे कसे सुटले? एटीएमकडून ‘देऊ का?’ असा प्रश्न आला की तो स्विचमधून बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत जातो, खात्यात शिल्लक आहे का बघितलं जातं आणि होकार वा नकार परत येतो. हल्लेखोरांनी मध्ये आपला स्विच उभा केला. प्रश्न बँकेपर्यंत पोचलाच नाही. मधल्यामध्ये होकार गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ नावाने आशिया-आफ्रिकेतल्या बँकांवरच्या अशाच हल्ल्यांची पद्धत जाहीर केली. तिच्यात स्विचच्या सर्व्हरवर अधिकृतपणे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या पोटातच घातक कोड घुसवला जात होता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या अहवालाने कॉसमॉसचं प्रकरण उत्तर कोरियाशी जोडलं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ते एटीएमवर उभं राहून पैसे काढणारे आणि त्यांची जुळवाजुळव करणारे होते. ब्रेन, सोनीची सीडी आणि हा स्विच यांचा आकार वेगवेगळा, कारागिरी एकच: विचारणारा आणि सांगणारा यांच्यामध्ये जाऊन बसायचं.

म्हणून ज्या मशिनवर संशय आहे, तिला तिच्याच विंडोजमधून तपासण्यापेक्षा विंडोज झोपेत असताना तपासणं शहाणपणाचं. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. मशिन बंद होऊन एका छोट्या स्वतंत्र वातावरणात सुरू होतं आणि साधारण पंधरा मिनिटांत तपासणी उरकते. क्विक हीलसह इतरांकडे बूट होतानाचा स्कॅन किंवा पेनड्राइव्हवरून सुरू होणारी आपत्कालीन डिस्क असते. चोराची विंडोजमधली गाळणी तेव्हा चालूच झालेली नसते, त्यामुळे लपलेली सिस्टिम फाइल डिस्कवरची एक साधी फाइल उरते. दुकानात या सोयीचा वापर फारच कमी होतो, हे खेदाने म्हणावं लागेल. फॉरमॅटचे पैसे मिळतात आणि ऑफलाइन स्कॅनचे मागायला संकोच वाटतो, एवढं एक कारण पुरेसं असावं.

काही घातक प्रोग्रॅम विंडोजच्याही खाली उतरले. २०१८ मध्ये ‘लोजॅक्स’ सापडला, तो मदरबोर्डवरच्या यूईएफआय चिपमध्ये राहणारा. हार्ड डिस्क बदलली तरी टिकणारा. २०२३ मध्ये ‘ब्लॅकलोटस’ने विंडोज ११ वरचा सिक्युअर बूटचा पहाराही चुकवला. दुसऱ्या बाजूला काहींनी फाइलच सोडून दिली: २०१४ मधला ‘पॉवेलिक्स’ विंडोजच्या रजिस्ट्रीत राहायचा आणि मेमरीत चालायचा, डिस्कवर शोधायला फाइल नाही. अशांसाठी फाइली चाळणारा स्कॅन कुचकामी. तिथे चालत्या प्रोग्रॅमचं वागणं बघावं लागतं. राजारामपुरीतल्या दुकानात लोजॅक्ससारखे पाहुणे सहसा येत नाहीत. ते सरकारं, संरक्षण संस्था आणि मोठ्या कंपन्यांच्या वाटेला जातात. पण ‘फॉरमॅट मारला की सगळं गेलं’ या समजुतीला ते अपवाद आहेत, एवढं माहीत असावं.

आता दुसरी बाजू. सिस्टिम फाइल संशयित वाटली म्हणून ती उडवणं हाही धोका असतो, आणि तो तज्ज्ञांनाही भोवला आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअ‍ॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही अस्सल फाइल व्हायरस ठरवली. जगभरातली मशिनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशिनं निळी पडली, भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. इलाज होता सेफ मोडमध्ये जाऊन सिस्टिम३२ च्या पोटातली एक फाइल हाताने पुसण्याचा. ती फाइल पहारेकऱ्याचीच होती.

पहारेकऱ्याची वाटही कधी कधी असुरक्षित असते. मुंबईच्या ई-स्कॅन या अँटिव्हायरसचे अपडेट साध्या, कूटबद्ध नसलेल्या मार्गाने जात असल्याचा फायदा घेऊन वाटेत खरी फाइल बदलून घातक फाइल पाठवली जात होती, हे अव्हास्टच्या संशोधकांनी एप्रिल २०२४ मध्ये ‘गुप्तीमायनर’ या नावाने प्रसिद्ध केलं. संशोधकांनी कळवल्यावर ई-स्कॅनच्या कंपनीने ३१ जुलै २०२३ रोजी ती फट बुजवल्याचं सांगितलं होतं. अँटिव्हायरस विंडोजच्या सर्वांत आतल्या, न दिसणाऱ्या थरात बसतो म्हणून त्याला सगळं दिसतं. आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्या वाटेने आलेल्याला कुणी अडवत नाही. एकाच मशिनवर दोन अँटिव्हायरस बसवून दुप्पट सुरक्षित झालो असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. क्रॅक केलेला अँटिव्हायरस वापरणाऱ्यांबद्दल काय बोलणार?

सगळे व्हायरस ओळखणारा बिनचूक प्रोग्रॅम लिहिता येणार नाही, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवलं आहे. त्यामुळे पुढील प्रकरणांत कुठल्या ब्रँडची शिफारस नाही. पहिल्या भागात पेनड्राइव्ह आहे: लपलेले फोल्डर परत कसे आणायचे, शॉर्टकट कसे ओळखायचे, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हचं आपोआप चालू होणं बंद केल्यावर किड्यांनी आपला रोख माणसाच्या क्लिककडे कसा वळवला. दुसऱ्या भागात स्कॅनचा अहवाल वाचायचा कसा, ‘वगळले’ आणि ‘उघडता आले नाही’ यांचा अर्थ काय, विंडोजच्या मूळ फाइली जागच्या आहेत का हे ‘एसएफसी’ने कसं बघायचं. तिसऱ्यात ऑफलाइन स्कॅन, आणि केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची माहिती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट काढण्याची साधनं फुकट मिळतात, शिवाय सी-डॅकने तयार केलेलं ‘यूएसबी प्रतिरोध’ही. मशिनला कुठला पेनड्राइव्ह लागू द्यायचा आणि कुठला नाही हे त्यातून ठरवता येतं, आणि गणपतीच्या गर्दीतल्या डीटीपीवाल्याला तेच जास्त उपयोगी पडेल.

शेवटचा भाग जुन्या मशिनांचा आहे. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची सोय लागते, म्हणजे मशिन सुरू होताना सही तपासून, बूटच्या वाटेवर कुणाला बसू न देण्याची व्यवस्था. जुन्या डीटीपीच्या मशिनांत बहुधा ती नसते. कीबोर्डची सवय, फॉन्टचं डाँगल आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइली त्याच डबड्यावर असल्याने ते बदलवतही नाही. अशा मशिनचं इंटरनेट काढायचं की ठेवायचं, पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशिनवर तपासून मगच तिथे लावायचा तो कसा, आणि डेटाची प्रत कुठे ठेवायची, हे त्या भागात एकेका मशिनचं उदाहरण घेऊन सांगितलं आहे.